आईला शिकवलेलं वाक्य

मस्कासाथ, नागपूर
१२ फेब्रुवारी १९७८

ती. अरुंधतीताईंना कौशल्याचा नमस्कार.

सहा वर्षं वाट पाहिल्यावर मंगळवारी एकदाचा घरी फोन लागला. तुमची फार इच्छा होती की दर रविवारी भिलाईहून आईशी बोलता यावं, म्हणून यांनी दुकानात फोन असूनही घरचा अर्ज मागं घेतला नव्हता. आता तुम्ही ट्रंक कॉल लावत जा.

पण ताई, एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. सासूबाईंचं विसरणं तुम्ही दिवाळीत पाहून गेल्या त्याच्याहून वाढलं आहे. डॉक्टर म्हणाले, मेंदू सुकून राहिला, औषध नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा चंद्रभान भाऊजी घर सोडून गेलेले होते. तेरा वर्षांत पत्र नाही, पत्ता नाही. अन् या म्हणतात, "आत्ताच जेवून गेला. ताट उचल वं."

फोन आल्यापासून त्या दिवसभर त्याच्याजवळच बसून राहतात. बोट घालून कोणताही नंबर फिरवतात. जो कोणी उचलेल त्याले विचारतात, "चंद्रभान हाये का तिथं?" मी दुपारी यांचा डबा घेऊन इतवारीत दुकानावर जाते अन् तीन वाजेपर्यंत गल्ल्याजवळ बसते, तेव्हा घरी त्या एकट्याच. परवा परत आले तर कोणा अनोळखी माणसाले सांगून राहिल्या होत्या की सून बाहेर गेली, कडी आतून लावता येत नाही मले. माझ्या अंगावर काटा आला. म्हणून यांनी डायलमध्ये लावायचं छोटं कुलूप आणून लावलं. बाहेरून आलेला फोन घेता येतो, फक्त फिरवता येत नाही.

सासूबाई रागावल्या आहेत. चार दिवसांत विसरतील.

आपली,
कौशल्या

~

भिलाई
२७ फेब्रुवारी १९७८

चि. सौ. कौशल्या हिस आशीर्वाद.

काल रविवारी आईशी बोलले. ती रडत होती. "बोट अडकते वं, पोरी, बोट अडकते," एवढंच म्हणत होती. माझ्या आईच्या तोंडाला तुम्ही कुलूप घातलं आहे आणि ते मला पत्राने कळवता, जणू काही नवीन पडदे लावले!

बाबा गेल्यापासून तिला बोलायला कोण आहे? रुपराव रात्रीचा येतो. तू दुपारी दुकानावर. चार अनोळखी माणसांशी ती दोन शब्द बोलली तर कोणाचं काय गेलं? कुलूप काढ. मी पुढच्या रविवारी तिला विचारीन.

आणखी एक. तू सातवी शिकलेली आहेस. "त्याले", "मले" हे बोलण्यात ठीक, पत्रात लिहू नये. मी वर्गात दुसरीच्या मुलांनाही हे लिहू देत नाही.

तुझी,
अरुंधती

~

नागपूर
९ एप्रिल १९७८

ती. अरुंधतीताईंना सादर नमस्कार.

कुलूप त्याच दिवशी काढले. पत्र शुद्ध लिहिण्याचा प्रयत्न करीत आहे, चुकल्यास क्षमा असावी.

सासूबाई आनंदात आहेत. इतक्या, की मलाच काळजी वाटते. दुपारचे जेवण लवकर मागतात, वेणी घालून घेतात, आणि एक वाजायच्या आत फोनजवळ जाऊन बसतात. विचारले तर म्हणतात, चंद्रभानचा फोन येतो. मला वाटले, नेहमीचा भ्रम. पण गेल्या सोमवारी माझे डोके दुखत होते म्हणून मी घरीच राहिले, तर एक वाजता खरोखर घंटी वाजली. मी उचलला. पलीकडे श्वास ऐकू आला, मग ठेवून दिला. सासूबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. "माह्या पोराचा फोन तू काहून उचलला?"

डायलच्या मधल्या चकतीवर आपला नंबर लिहिलेला आहे. तो त्यांनी कोणाला तरी वाचून सांगितला असेल. ह्यांनी विचारले की कुलूप परत लावू का. मी म्हटले, ताईंना विचारल्याशिवाय नको.

आपली,
कौशल्या

~

भिलाई
१८ एप्रिल १९७८

चि. कौशल्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुला कल्पना नाही, कारण तू त्याला पाहिलेलं नाहीस. चंद्रभान असाच होता. रागावला की बोलायचा नाही, आणि बोलायचं झालं तर फक्त आईशी. दुसऱ्या कोणी उचलला म्हणून त्याने फोन ठेवला, हे अगदी त्याचं वागणं आहे.

माझा भाऊ जिवंत आहे असं माझं मन सांगतं. कोणीही मध्ये पडू नका. तू दुपारी घरी थांबू नकोस. रुपरावालाही सांग, चौकशी करायची नाही. आधी आईशी मोकळेपणाने बोलू दे, मग तो आपणहून येईल.

काल मी त्याच्या नावाने नारळ ठेवला. यांना म्हटलं, या दिवाळीला आम्ही तिघं भावंडं एका ताटात जेवू.

तुझी,
अरुंधती

~

नागपूर
२१ मे १९७८

ती. अरुंधतीताईंना नमस्कार.

मन घट्ट करून वाचावे.

मंगळवारी तीन वाजता घरी आले तर दार सताड उघडे. सासूबाई नाहीत. शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या, एक वाजता जाताना दिसल्या, कपाळाला मोठे कुंकू होते. बाबांना जाऊन नऊ वर्षे झाली, ताई, आणि त्यांनी माझी डबी घेऊन कुंकू लावले होते. मी दुकानावर पळाले. ह्यांनी शटर ओढले. आम्ही सगळी इतवारी पालथी घातली, सराफा, भांडेगल्ली, धान्यगंज.

साडेपाच वाजता इतवारी स्टेशनवर सापडल्या. कुहीकडून येणारी छोटी गाडी येते त्या फलाटाच्या टोकाला, जिथे छप्पर नाही तिथे, अनवाणी उभ्या होत्या. चार तास. हमालाने सांगितले, माय सावलीत ये म्हटले तर ऐकत नाही. म्हणते, "पोरगं म्हणलं शेवटी उभी राय, मले डब्यातून दिसशीन." तळपायांची कातडी निघाली होती. दवाखान्यात दोन दिवस ठेवले.

गुरुवारी एक वाजता हे स्वतः घरी थांबले. घंटी वाजली. ह्यांनी उचलून काही न बोलता कानाला लावला. पलीकडे एक नव्हे, चार-पाच जण होते. कोण्यातरी हापिसातले असावेत, मागे टाइपरायटर वाजत होता. एक म्हणाला, "आई, मी चंद्रभान. परवा काहून नाही आली वं स्टेशनवर?" आणि मागचे हसले. दुसरा म्हणाला, "अबे, अंगाई म्हणायले सांग, मागच्यासारखी." हे ओरडले तेव्हा त्यांनी फोन आपटला.

दोन महिने, ताई. दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत ते आपल्या आईकडून गाणी म्हणून घेत होते. एकदा पाणी अंगावर ओतून घ्यायला लावले होते. मी आले तेव्हा त्या ओल्या बसल्या होत्या आणि मी रागावले होते, की हे काय वय आहे का.

फोन कपाटात बंद केला तर घंटी वाजताच त्यांनी कपाटावर डोके आपटले. "दार खोला, माहा चंद्रभान अंदर हाये!" कपाळाला तीन टाके पडले. फोन परत करून टाकावा असे मी म्हटले. हे म्हणाले, सहा वर्षांनी मिळालेली वस्तू परत कोण करते, आणि ताई रविवारी कुठे बोलेल. तुम्ही हो म्हणाल तर ते ऐकतील.

आपली,
कौशल्या

~

भिलाई
२९ मे १९७८

कौशल्या,

मी नारळ फोडून टाकला.

तू दुपारी घरी असतीस तर हे झालं नसतं, एवढंच म्हणते. फोन परत करायचा नाही. चार टवाळ माणसांनी ठरवायचं का, की मी माझ्या आईशी बोलावं की नाही?

उपाय आहे. मी बावीस वर्षं मुलं शिकवली. ज्याच्या डोक्यात काही राहत नाही त्यालाही पाढे पाठ होतात, कारण पाठांतर डोक्यात नसतं, जिभेवर असतं. आईला एकच वाक्य शिकवा. फोन उचलला की तेच म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. दुसरा शब्द नाही. वाक्य असं:

"चंद्रभान मेला. पुन्हा फोन करायचा नाही."

सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. रुपरावने दुकानातून फोन करावा आणि "आई, मी चंद्रभान" म्हणावं. तिने बरोबर म्हटलं तर गोड द्यायचं, चुकलं तर काही द्यायचं नाही. दया दाखवली तर शिकवणं फुकट जातं.

अरुंधती

~

नागपूर
१० जून १९७८

ती. अरुंधतीताईंना नमस्कार.

सुरुवात केली आहे. पण ताई, जित्या माणसाले मेला कसं म्हणावं? शुद्ध लिहिणे आज होत नाही, राग मानू नका.

पहिल्या दिवशी मी त्यायले समोर बसवून म्हटलं, आई, चंद्रभान भाऊजी गेले. त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. मंग अशा रडल्या की सिंधूताई भिंतीवरून डोकावल्या. ऊर बडवून घ्यायले लागल्या, मी हात धरले. स्वयंपाक करू दिला नाही. "घरात सुतक हाये," म्हणाल्या. रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी उठल्या अन् विचारलं, "चंद्रभान उठला का?"

म्हणजे परत सांगा. परत तेच रडणं. रोज सकाळी त्यायचा पोरगा नव्यानं मरते, ताई, अन् मारणारी मी. यांनी दुकानातून फोन करून "आई, मी चंद्रभान" म्हटलं की त्या माझ्याकडं बोट दाखवून म्हणतात, "पाहा, हा बोलून राहिला, अन् ही रांड म्हणते मेला!" कालपासून हे फोन करायले तयार नाहीत.

हे बंद करू का? तुम्ही एक ओळ लिहा.

कौशल्या

~

भिलाई
१७ जून १९७८

कौशल्या,

बंद करायचं नाही. अर्ध्यावर सोडलेला धडा मुलाला सर्वांत जास्त त्रास देतो.

आणि जित्या माणसाला मेला म्हणायचा प्रश्न असेल तर ऐक. ज्याला तेरा वर्षांत आईची आठवण आली नाही, तो मेलाच आहे. मी ते मान्य केलं आहे. तूही कर. रुपरावला सांग, ताईने सांगितलं आहे.

अरुंधती

~

नागपूर
२७ जुलै १९७८

ती. अरुंधतीताईंना सादर नमस्कार.

कळविण्यास आनंद होतो की सासूबाई वाक्य शिकल्या. कसे शिकल्या ते लिहिण्यासारखे नाही, पण शिकल्या. आता रडत नाहीत. घंटी वाजली की उचलतात, स्पष्ट आवाजात वाक्य म्हणतात, ठेवून देतात. हापिसवाल्यांनी चार वेळा प्रयत्न केला. पाचव्या वेळी फोन आला नाही. मजा संपली असावी.

शुक्रवारी, म्हणजे २१ तारखेला, मी घरीच होते. पाऊस असल्याने डबा ह्यांनीच नेला होता. लांबलचक घंटी वाजली, ट्रंक कॉलची वाजते तशी. मला वाटले तुम्हीच. सासूबाईंनी उचलला आणि मी काही सांगायच्या आत म्हणाल्या, "चंद्रभान मेला. पुन्हा फोन करायचा नाही." एक अक्षर चुकले नाही. पलीकडून कोणी काही बोलत होते, त्यांनी ते वाक्य दुसऱ्यांदा म्हटले, अधिक जोरात, आणि ठेवला. मी त्यांना संत्रा बर्फीची अख्खी वडी दिली.

रविवारी तुम्हालाही त्या तेच म्हणाल्या. त्याचा राग मानू नये. आता त्या आवाज ओळखत नाहीत. हळूहळू तुमच्यासाठी वेगळे शिकवता येईल का, ते कळवावे.

आपली,
कौशल्या

~

राउरकेला
२ ऑगस्ट १९७८

ती. ताई,

हे पत्र तुला मिळेल की नाही माहीत नाही. भावजींच्या नावावर, स्टील प्लांट, भिलाई, एवढंच लिहितो आहे.

मी इथे क्रेनच्या वर्कशॉपात आहे. लग्न केलं नाही. गेल्या महिन्यात डावा हात यंत्रात गेला, तीन बोटं काढावी लागली. इस्पितळात एकवीस दिवस होतो. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची आई रोज डबा घेऊन यायची, ऐंशी वर्षांची बाई. ते पाहून माझ्यातलं काहीतरी तुटलं. एक्स्चेंजच्या चौकशीला फोन करून नागपूरचा नंबर मिळवला. रुपरावच्या नावावर लागला म्हणजे बाबा नसतील, हे कळलं.

१९६५ साली दुकानात दहा गिऱ्हाइकांसमोर बाबांनी मला चपलेनं मारलं आणि म्हणाले, तू आमच्यासाठी मेलास. आई मागच्या दारात उभी होती. ती काही बोलली नाही. मी तेरा वर्षं तिची बाजू घेतली, ताई. मनाला सांगितलं, ती बोलली नाही, म्हणजे तिला तसं वाटत नव्हतं.

२१ तारखेला तिने स्वतः फोन उचलला. तिचा आवाज मी ओळखला. मी म्हटलं, "आई, मी चंद्रभान बोलून राहिलो." ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, चंद्रभान मेला, पुन्हा फोन करायचा नाही. मी म्हटलं, "आई, माहा हात गेला गं." तिने तेच परत म्हटलं, आणखी जोरात.

तिला माझा राग नाही हे सांग. तिचं बरोबर आहे. तुझं बरं चालावं.

चंद्रभान

पत्ता पाकिटावर सवयीने लिहिला. उत्तर देऊ नये.

~

भिलाई
९ ऑगस्ट १९७८

कौशल्या,

चंद्रभानचं पत्र सोबत पाठवते. वाच आणि रुपरावला दे.

मी त्याला सविस्तर लिहिलं आहे. आईच्या आजाराचं, त्या माणसांचं, स्टेशनचं. आईला ते वाक्य घरात शिकवलं गेलं, असं लिहिलं. मी लांब राहते, माझ्या कानावर सगळं येत नाही, हेही लिहिलं. तो येईल. तो काही विचारेल तर नीट उत्तर दे, पण जुन्या पत्रांचा विषय काढू नकोस. भावाबहिणीत आता काही राहू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आईला ते वाक्य ताबडतोब विसरायला लाव.

अरुंधती

~

मस्कासाथ, नागपूर
१७ सप्टेंबर १९७८

अरुंधतीताईंना नमस्कार.

मले जसं येते तसं लिहून राहिली.

भाऊजी पोळ्याच्या नंतर आले. सकाळी दहा वाजता दारात उभे, डावा हात रुमालात गुंडाळलेला. मी कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. यांच्यासारखेच कान. सासूबाई बाजेवर बसल्या होत्या, मी भुईमुगाच्या शेंगा सोलायले दिल्या होत्या. भाऊजी त्यायच्या पायाजवळ खाली बसले अन् म्हणाले, "आई, मी चंद्रभान."

ताई, त्यायच्या हातातलं सूप पडलं. त्या भिंतीले चिकटल्या. दोन्ही हात पदरात लपवले अन् म्हणू लागल्या, चंद्रभान मेला, पुन्हा फोन करायचा नाही, चंद्रभान मेला, पुन्हा फोन करायचा नाही. माझ्याकडं पाहून म्हणू लागल्या. बरोबर म्हटलं की नाही, ते पाहत होत्या. लुगडं ओलं झालं.

भाऊजींनी विचारलं, "हात काहून लपवून राहिली?"

मी सांगितलं. तुम्ही गोड द्यायले लिहिलं होतं, पण बर्फीनं त्या शिकल्या नाहीत. जून सरता सरता एक दिवस यांचा फोन आला, त्या "बाबू, जेवला का?" म्हणाल्या, अन् मी पोळ्या करून राहिली होती, तशीच तापलेलं उलथनं घेऊन आली अन् त्यायच्या मनगटाच्या वर लावलं. एकदा नाही. चारदा, चार दिवस. चौथ्या दिवशी वाक्य बरोबर आलं. मी हे कोणाले सांगितलं नव्हतं, यांनाही नाही. दाग तसेच आहेत.

भाऊजींनी मले मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, वाक्य कोणाचं? मी म्हटलं, घरचंच. तुमची पत्रं माझ्या पेटीत आहेत. त्यांनी मागितली नाही, मी दाखवली नाही. हे तुमच्यासाठी केलं नाही. त्यांच्याजवळ आता आई नाही, निदान बहीण राहावी म्हणून.

तुम्ही लिहिलं, विसरायले लाव. ताई, त्या सगळं विसरल्या. यांचं नाव विसरल्या, माझं विसरल्या, तुमचं तर कधीचंच. गेल्या पंधरवड्यात पाणी पाहिजे हे कसं म्हणतात तेही विसरल्या, बोट दाखवतात. ते एक वाक्य तेवढं राहिलं. तुम्ही बरोबर सांगितलं होतं, ते डोक्यात नसते, जिभेवर असते.

फोन भाऊजींनी स्वतः जाऊन परत केला. आता रविवारी कॉल लावू नका.

ते राउरकेल्याले परत गेले नाहीत. दोन दिवस त्यांनी पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं, मी चंद्रभान, अन् दोन्ही दिवस सासूबाई भिंतीले लागल्या. तिसऱ्या दिवशी ते आंघोळ करून आले अन् म्हणाले, "माय, मी रामाजी. घरकामाले आलो." सासूबाईंनी वर पाहिलं. हात पदरातून बाहेर काढले.

तेव्हापासून ते रामाजी आहेत. यांना अन् मले सांगून ठेवलं, ते नाव घरात काढायचं नाही. त्यायच्या हातचा घास त्या घेतात, माझ्या हातचा घेत नाहीत. भाऊजी दोन बोटांच्या हातानं ताट धरतात, दुसऱ्यानं भरवतात. दुपारी त्यायचे तळपाय तेल लावून चोळतात, स्टेशनवर भाजलेले. आजकाल कधीमधी त्यायच्या तोंडून एखादा शब्द निघते, तो त्यांच्याजवळच.

काल पाय चोळता चोळता सासूबाईंनी त्यांच्या केसांवरून हात फिरवला. कितीक दिवसांनी सरळ बोलल्या. म्हणाल्या, "तुले माय हाये का गा, रामाजी?"

भाऊजी म्हणाले, "हाये."

"मंग जात जाय तिच्याकडं कधी कधी," त्या म्हणाल्या. "वाट पाहून राहिली असन."

कौशल्या